रंगनाथच्या रोजाचा लिलाव

"अरे, माझा लिलाव पुकारलास ना, तरी सत्तर रुपये यायचे नाहीत," असं रंगनाथ बोलून गेला, आणि ओट्यावर पाय सोडून बसलेल्या सावळीरामाचे कान ताठ झाले.

सावळीरामापुढं लिलावाचं नाव काढणं म्हणजे मांजरापुढं दुधाचं पातेलं उघडं ठेवणं. गडी पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचा. ट्रॉल्यांमागून ट्रॉल्या, वीस-बावीस वर्षं. व्यापाऱ्याची नुसती भुवई हलली तरी ह्याला कळायचं की पाच रुपये वाढले. आवाज असा की ह्या टोकाला शिंकला तर गल्लीच्या त्या टोकाची म्हातारी "सत्य गं बाई" म्हणायची. आणि डोकं सदा वाकडं चालणारं. मागच्या शिमग्याला यानं गल्लीत उठवून दिलं होतं की महापालिकेचा माणूस कोंबड्या मोजायला येतोय, कोंबडीमागं कर बसणार. तीन घरांनी कोंबड्या कपाटात कोंबल्या. एका कोंबडीनं तर नव्या नऊवारीवर अंडं घातलं.

गल्ली म्हणजे गंगापूर रोडच्या मागं, बंगल्यांच्या कंपाउंडांना पाठ लावून बसलेली माळ्यांची वस्ती. पूर्वी सगळीकडं झेंडू, मेथी, शेपूचे वाफे. आता निम्म्या वाफ्यांवर बंगले आलेले, उरलेल्यात अजून झेंडू. साल दोन हजार दोन, गणपतीचे दिवस, आरती नुकतीच आटपलेली.

"पुन्हा सुरू झालं का तुझं?" सावळीराम म्हणाला.

"तेच ते. अठराशे भागिले तीस. साठ. नाक्यावर बिगारी माणसाला सत्तर मिळतात. त्याला वाचता येत नाय, मला ब्लू-प्रिंट वाचता येते. तो सत्तर, मी साठ."

रंगनाथ सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. चांगला पगारदार, दिवाळीला बोनस, पोरांना बूट. कारखान्याला कुलूप लागलं, आणि चार महिन्यांपासून तो पिंपळगावच्याच एका द्राक्षाच्या कोल्ड स्टोअरवर गेटची नोंद ठेवायला जात होता. सकाळी दोघं एकाच टेम्पोत मागं बसून जायचे. पूर्वी रंगनाथ हसवायचा, आता नुसता भागाकार करायचा. जिल्ह्यात कोण किती कमावतं याचा त्यानं नादच घेतला होता. द्राक्षाचे मणी विरळायला येणाऱ्या बायांना किती, गवंड्याला किती, रसवंतीवाल्याला किती. सगळ्यांची सरासरी काढायचा आणि शेवटी स्वतःला त्या रांगेत खाली नेऊन उभा करायचा.

आता त्याच्या मेव्हण्यानं वापीला नोकरी बघितली होती. पाच हजार, राहायला खोली. मंगळवारी ट्रक येणार, सामान भरायचं, बायकापोरांसकट जायचं. गल्लीत जन्मलेला माणूस पन्नाशीला टेकताना गुजरातेत जाऊन राहणार. सावळीरामाला हे अजिबात पचत नव्हतं. पण 'नको रे जाऊ' असं सरळ म्हणायला त्याची जीभ वळेल तर तो सावळीराम कसला.

"मग लागली पैज?" तो म्हणाला.

"कसली?"

"उद्या मंडळाचा लिलाव हाय. नारळ, हार, केळीचा घड झाला की तुला उभा करतो. तुझ्या एक दिवसाच्या कामाचा लिलाव. ज्याची बोली मोठी, त्याच्याकडं एक दिवस राबायचं, पैसे गणपतीला. सत्तरच्या वर गेलास तर वापी रद्द. ट्रकवाल्याला मी सांगीन, रिकामा जा."

"आणि नाय गेलो तर?"

"तर मी हरलो. विसर्जनाच्या दिवशी दारोदार उभा राहून स्वतःचा लिलाव पुकारीन. एक रुपयापासून."

खिडकीतून त्याच्या बायकोचा, लंकाबाईचा, आवाज आला. "रुपया लय होतो. चाराण्यापासून धरा."

समोरच्या ओट्यावर झेंडूच्या माळा ओवत बसलेला बहिरू खो खो हसला. शेजारची बायडाबाई दात नसलेल्या तोंडानं सुपारी चघळत होती, ती म्हणाली, "मी साक्षीला. सावळ्याचा शब्द म्हंजे पावसाळ्यातला पापड. मी वाळवून घेईन."

रंगनाथ म्हणाला, "लागली. मला तरी कळू दे, माझ्याच गल्लीत मी केवढ्याचा आहे." आणि हात पुढं केला. हात हसत पुढं केला, पण डोळे हसत नव्हते. सावळीरामाला तेवढं दिसलं. भुवया वाचणाराच तो.

आता सावळीराम पैज लावतो म्हणजे आधी जिंकून ठेवतो आणि मग लावतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पोतून उतरल्या उतरल्या तो बहिरूच्या वाफ्यावर गेला.

"बहिरू, आज लिलावात रंग्याच्या वेळी मी डोळा मारला की बोली लावायची. चाळीसपासून सुरू कर, शंभरापर्यंत जा. पैसे माझे."

"आणि रंगनाथनाना खरंच माझ्याकडं कामाला आले तर?"

"तर त्याला चहा पाज आणि परत पाठव. तुला काय फुलं तोडायला फिटर लागतोय?"

"बरं," बहिरू म्हणाला. शंभराच्या लिलावाला दुसऱ्याचे पैसे, यात नाही म्हणण्यासारखं काय होतं?

सावळीरामानं अशीच आणखी दोन घरं पेरून ठेवली. एकाला ऐंशीपर्यंत, एकाला नव्वद. तिघांत चुरस लागली की शंभरही पार. रंगनाथ फुगेल, ट्रक रिकामा जाईल, आपल्याला कुणी हरवू शकत नाही हे पुन्हा एकदा सिद्ध होईल. घरी येऊन त्यानं आंघोळ केली, टोपी घातली, मिशीला तेल लावलं. लंकाबाई म्हणाली, "लग्नाला निघालात का?" तो म्हणाला, "लावायला."

आरतीनंतर मांडवात लिलाव सुरू झाला. पहिला नारळ पाचशे एकला गेला. हार दोनशेला, केळीचा घड दीडशेला. सावळीराम नेहमीसारखा ढोलासारखा घुमत होता. "देवाचा घड हाय, केळं खाल्लं तर पोरगं पास, साल खाल्ली तर मास्तर पास! दीडशे एक वार, दीडशे दोन वार..."

मग त्यानं माणसांकडं मोर्चा वळवला. आधी गंमत म्हणून बहिरूला उभं केलं. कौलं फिरवायला एक दिवस, पंचावन्नला गेला. बहिरू म्हणाला, "नाक्यापेक्षा स्वस्त!" सगळा मांडव हसला. मग कुणीतरी ओरडलं, "लंकाबाईला उभं करा!"

"तिला कोण घेणार?" सावळीराम म्हणाला. "मी पंचवीस वर्षांपूर्वी फुकट घेतली, अजून परत करायची सोय नाय."

लंकाबाई पदर खोचून उभी राहिली. "एक दिवसाचा काळा मसाला. मिरच्या तुमच्या, भाजणं-कुटणं माझं."

बायकांत एकदम कल्लोळ उठला. पन्नास. साठ. सत्तर. गल्लीबाहेरच्या बंगल्यातल्या बाईही आरतीला आल्या होत्या, त्या म्हणाल्या शंभर. बायडाबाई म्हणाली एकशेदहा. सव्वाशेला गेली.

बाजार समितीतला त्याचा पगार दिवसाला काढला तर शंभराच्या आतबाहेर यायचा. हे त्यानं कधी भागून बघितलं नव्हतं, ते रंगनाथचं काम. आज आपोआप भागलं गेलं. बायकोचा भाव आपल्यावर. जिच्या मसाल्यानं डोळ्यांत पाणी येतं म्हणून त्यानं जन्मभर शिव्या घातल्या, ती सव्वाशेची निघाली. तिच्याकडं तो जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागला.

"काय बघताय?" लंकाबाई म्हणाली. "पुकारा पुढं."

"आता," सावळीरामानं घसा खाकरला, "गल्लीचा नग! रंगनाथ. फिटर. नट ढिला असो की सासू, दोन्ही घट्ट करून देणार! एक दिवस. कोण बोलतंय?"

रंगनाथ पुढं येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याची बायको प्रतिभा बायकांच्या मागं खांबाला टेकून होती, तिची नजर जमिनीला. दोघांसाठीही ही थट्टा नव्हती. हे रिझल्ट लागण्यासारखं होतं.

सावळीरामानं बहिरूला डोळा मारला.

बहिरूनं तोंड उघडलं. मिटलं. खाली बघितलं.

"चाळीस म्हटलं का कुणी?" सावळीरामानं दुसऱ्याला डोळा मारला. तो पोराच्या टोपीची गाठ सोडायला लागला. तिसरा तर उठून पाणी प्यायला गेला.

"अरे, तीस! तीस म्हणा! वीस!"

मांडवात एवढी शांतता की समईतली वात चरचरल्याचं ऐकू यावं. आत्ता दोन मिनिटांपूर्वी ओरडत होती तीच माणसं. बायकांनी पदर डोक्यावर ओढून घेतले. म्हातारे गणपतीकडं बघायला लागले. कुणी हसत नव्हतं, कुणी खोकतही नव्हतं.

आयुष्यात सावळीरामानं असं बघितलं नव्हतं. बाजारात एकही ढीग बोलीशिवाय जात नाही. भिजलेला कांदा जातो, कोंब आलेला जातो. पार काळा पडून पाणी सुटलेला कांदासुद्धा कुणीतरी दहा रुपयांत ट्रॉलीतून उतरवून घेतं, खताला म्हणून. एक रुपयाची पण बोली नाही, असं व्हायचं नाहीच. माल कितीही वाईट असला तरी कुणीतरी भाव फोडतंच. आणि इथं समोर सोन्यासारखा माणूस, आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

रंगनाथच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. तो म्हणाला, "कळलं मला. साठ तरी बरे होते." आणि चपला घालायला वळला.

पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नाही, हा धंद्याचा पहिला नियम. बावीस वर्षांत सावळीरामानं तो मोडला नव्हता. आज मोडायचा. काय व्हायचं ते होऊ दे. त्यानं छाती भरून श्वास घेतला. 'शंभर! रंग्या एक दिवस माझ्या घरी!' एवढंच म्हणायचं होतं.

मांडवासमोरच त्याचं घर. दार उघडं. दारात खाटेवर त्याची आई, चिमणाबाई, पांघरुणात गुंडाळून आरती ऐकायला आणून ठेवलेली. गेल्या महिन्यापासून तिच्या पोटात पाणी तेवढं जात होतं. दिव्याच्या उजेडात तिचं तोंड सुकलेल्या खारकेएवढं दिसत होतं.

'रंग्या एक दिवस माझ्या घरी.'

शब्द घशात आले आणि तिथंच अडकले. देवासमोर, भरल्या मांडवात, आई दारात असताना हे कसं मागायचं? रंगनाथ ज्या दिवशी घरी येतो तो दिवस कसला असतो?

आणि मग सावळीरामाला सगळं दिसलं. बहिरूची खाली गेलेली मान दिसली, पदर दिसले, ती शांतता दिसली.

गल्लीत कुणी गेलं की पहिला निरोप रंगनाथकडं जायचा. तिरडी त्याच्याशिवाय कुणाला बांधता यायची नाही. त्याचा बाप बांधायचा, मग हा. बांबू कुठून आणायचे, आडव्या कांबी किती, सुतळी कशी फिरवायची, मडकं कोण धरणार, रडणाऱ्या लेकाला कुठं बसवायचं, सगळं तो बघायचा. कुणी सांगायला लागायचं नाही, कुणी आभार मानायचं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी त्याविषयी बोलायचंही नाही. बोलू नयेच. सगळी गल्ली त्याला नाना म्हणायची, त्याच्याशी हसायची, खेळायची. पण 'नाना, या की घरी एक दिवस' असं सहसा म्हणायची नाही. म्हणायची जीभ व्हायची नाही. सावळीराम त्याच्याबरोबर लहानपणापासून वाढलेला, रोज टेम्पोत मांडीला मांडी लावून बसणारा, म्हणून हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. जे डोळ्यांच्या फार जवळ असतं ते दिसत नाही, तसं.

बायडाबाई काठी टेकत उठली. "सावळ्या, मुडद्या, कुणाचा भाव लावतोस? जिभेला काही हाड?"

"मावशे..."

"गप. तू आज लय बोलला." ती रंगनाथकडं वळली. "नाना, थांब. तू असा जायचा नाय. तुला काय वाटलं, तुला कुणी घेत नाय? मला सांग, मी काय म्हणून बोली लावू? गणपतीच्या पुढं उभी राहून म्हणू, रंगनाथ एक दिवस माझ्या दारी येऊ दे? माझ्या घरात सात माणसं हायेत. कुणासाठी मागू?"

रंगनाथ तसाच एक पाय चपलेत घालून उभा.

"माझा म्हातारा गेला तेव्हा भाऊबंद चिक्कार होते," बायडाबाई म्हणाली. "सगळे कमरेवर हात ठेवून उभे. ह्यानं बांधलं. मी बघत होते दारातून. अंगठ्याला गाठ मारली आणि परत सोडली. मग जरा सैल मारली. मी म्हटलं, नाना, असं का? तर हा काय म्हणतो? म्हणतो, काकाचा अंगठा दुखायचा ना, काचायला नको." ती सावळीरामाकडं वळली. "मेलेल्या माणसाला काचायला नको. ह्याचा काय रोज लावतोस रे तू? सत्तर? शंभर?"

मांडवात कुणीतरी हुंदका दिला. बहिरू उठून उभा राहिला. "सावळीरामदादा, चाळीस माझ्या तोंडात आले होते, देवाशपथ. तुमचेच पैसे. पण पुढचं वाक्य येईना. मागच्या आषाढात बापाला ह्यांनीच..." तो खाली बसला.

"आणि त्या दिवशी तुझा खाडा झाला असंल नव्हं?" बायडाबाईनं रंगनाथला विचारलं.

उत्तर सावळीरामानं दिलं. "झाला. मी टेम्पोत एकटाच गेलो होतो त्या दिवशी." आणि मग त्याला आठवत गेलं. मागच्या चार महिन्यांत तो किती वेळा टेम्पोत एकटा गेला होता. पगाराच्या दिवशी रंगनाथच्या हातात अठराशे कधी पडलेच नव्हते. तो भागाकार करायचा तो पूर्ण पगाराचा. कापून आलेला त्यानं कधी कुणाला सांगितला नव्हता. साठ हीसुद्धा फुगवलेली सरासरी होती.

सावळीरामानं टोपी काढली. का काढली त्यालाही कळलं नाही. जिथं भाव बोलायला कुणाची जीभ धजत नाही असा माणूस आपण आज लिलावात उभा केला, ही त्याच्या पोटात एक भीती होती. आणि तसा माणूस आपल्या शेजारी राहतो, ही त्याहून मोठी.

"बोली नाय," तो हळू म्हणाला. मग पुकारणाऱ्यासारखं मोठ्यानं म्हणाला, कारण दुसऱ्या आवाजात त्याला येत नव्हतं. "बोली नाय! एक वार, बोली नाय! दोन वार, बोली नाय! तीन वार! सावळीराम पैज हरला!"

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. माणसं एकेक करून रंगनाथच्या जवळून गेली. कुणी खांद्याला हात लावला, कुणी नुसतंच थांबून पुढं गेलं. रंगनाथ खाली बसला आणि बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत राहिला.

पण पैज हरली म्हणजे वापी रद्द नव्हती. उलट पैजेप्रमाणं रंगनाथ जायला मोकळा झाला होता. सावळीराम रात्री प्रतिभाच्या दारात गेला. "वहिनी, काय ठरलं?"

प्रतिभा भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, मघाशी मांडवात मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण गल्लीचा मान ताटात वाढता येत नाय. पोरगी दहावीला आहे. राहायचं माझ्याही मनात आहे. पण साठात नाही. आणि तेही कापून नाही."

सावळीरामानं मान डोलावली आणि घरी परतला.

विसर्जनाच्या दिवशी गल्ली सकाळपासून दारात उभी होती. सावळीराम बाहेर पडला तो गळ्यात कांद्याची माळ घालून. माळ लंकाबाईनं ओवली होती, मोठ्या कौतुकानं. ढोलवाले मिरवणुकीचे होते, ते आधी इकडं आले.

"घ्या हो घ्या!" सावळीराम पहिल्या दारात उभा राहून गर्जला. "सावळीराम! वय झालेलं, कोंब आलेला, वास मारणारा! एक दिवस! चार आण्यापासून!"

"आठ आणे," बायडाबाई म्हणाली, "आणि तोंड बंद ठेवायचं."

"तोंड बंद ठेवायचे दहा रुपये पडतील मावशे!"

"मग नको."

बहिरूनं दोन रुपये लावले, जेवण ज्याचं त्यानं. पुढच्या दारातल्या बाईनं कपाटातल्या कोंबडीचं नाव काढून शिवी लावली. गल्ली पोट धरून हसत होती. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, आणि सावळीराम हरलेला माणूस कसा असावा तसा मुळीच दिसत नव्हता.

रंगनाथच्या दारात मात्र त्याचा आवाज जरा उतरला. दारात रंगनाथ उभा. मागं प्रतिभा.

"सावळीराम," त्यानं स्वतःलाच पुकारलं. "एक दिवस. चाराणे."

"सत्तर," रंगनाथ म्हणाला.

ढोल थांबले. गल्ली पुढं सरकली.

"रंग्या, थट्टा नको. सत्तर तुझ्याकडं..."

"आहेत. तू पुकार."

"सत्तर एक वार," सावळीराम म्हणाला. "सत्तर दोन वार. सत्तर तीन वार. दिला." त्यानं मान खाली घातली. "काय काम?"

"सोमवारी पिंपळगावला माझ्या शेठपुढं माझा लिलाव पुकारायचा. मला बोलता येत नाय, माझा भागाकारच होतो. तुला येतं. तुझ्याच लिलावात बोली लावतो तो, तुला ओळखतो."

"कुठून सुरू करू?"

रंगनाथनं मागं बघितलं. प्रतिभा म्हणाली, "नव्वदपासून, भाऊजी."

"आणि आधी अट पुकार," रंगनाथ म्हणाला. "गल्लीत कुणी गेलं तर माझा त्या दिवसाचा खाडा धरायचा नाय. ते कबूल असंल तरच पुढचा भाव. नसंल तर वापी. मेव्हण्याला मी सांगून ठेवलंय, ट्रक आठ दिवस उशिरा आण."

"अट आधी," सावळीराम म्हणाला. "भाव मागून."

"हां."

सावळीरामानं त्याच्याकडं बघितलं. अजून साठाचाच माणूस. सोमवारी शेठ काय म्हणेल ते शेठच्या भुवईवर. शेठ चिकट होता, हे सावळीरामाला पक्कं ठाऊक होतं. पण अट आधी आणि भाव मागून, असं मांडणारा शेतकरी त्यानं बाजारात फार कमी बघितला होता. जे बघितले ते कधी पडत्या भावात विकून गेले नव्हते.

रंगनाथनं खिशातून नोटा काढल्या आणि गणपतीच्या डब्यात टाकल्या. सगळ्यांसमोर, एकेक करून. मग तो सावळीरामाच्या गळ्यातली माळ जरा सारखी करायला लागला. एक गाठ मागं मानेत रुतत होती. त्यानं ती सोडली, सुतळी जरा ढिली केली आणि पुन्हा बांधली.

सावळीराम हलला नाही. श्वास धरून उभा राहिला.

"अवो, झालं का?" लंकाबाईनं मागून हाक दिली. "अजून नऊ दारं राहिलीत. विकला गेलात म्हणून सुटका नाय. प्रत्येक दारात, असं ठरलंय."

"पैज म्हंजे पैज!" बायडाबाई काठी आपटून म्हणाली.

ढोल पुन्हा सुरू झाला. सावळीराम पुढच्या दारात जाऊन उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. आवाज फुटेना. सगळी गल्ली वाट बघत होती. मग लंकाबाईच पुढं आली, त्याच्या शेजारी उभी राहिली आणि सव्वाशे रुपयांच्या आवाजात ओरडली,

"घ्या हो! माझा नवरा! एक दिवस! चार आणे!"